काटा साठवर की ऐंशीवर: भरलेल्या पिकअपच्या डिझेलचा हिशेब

दोन पिकअपवाले एकत्र आले की "तुमची ॲव्हरेज किती देते?" हा प्रश्न निघतोच, आणि उत्तरादाखल बारा, चौदा, क्वचित सोळा असा एकच आकडा मिळतो. तो आकडा किती वेगाने गाडी चालवून मिळाला, हे विचारण्याची आपल्याकडे पद्धत नाही. माझ्या मते वेग सांगितल्याशिवाय ॲव्हरेजच्या आकड्याला फारसा अर्थ नाही, कारण हमरस्त्यावर तीच गाडी, तोच माल आणि तोच चालक असताना केवळ काटा साठवरून ऐंशीवर गेला, तर शंभर किलोमीटरमागे दीड ते दोन लिटर डिझेल जास्त जाऊ शकते. हे का घडते, किती घडते आणि त्या बदल्यात हाती काय येते, याचा हिशेब मी येथे सविस्तर मांडत आहे.

आमच्या घरची पिकअप दिंडोरीच्या बाजूचा टोमॅटो, ढोबळी मिरची आणि मोसमात द्राक्षे घेऊन नाशिकहून वाशीच्या बाजारात जाते आणि बहुतेक वेळा रिकामी परत येते. जाताना घाट उतरायचा आणि येताना चढायचा, जाताना ओझे आणि येताना मोकळा हौदा, असा हा रस्ता आहे. डिझेलचा खर्च हा या धंद्यातील सर्वांत मोठा रोजचा खर्च असल्यामुळे पंपाच्या पावत्या आणि किलोमीटरची नोंद आम्ही काटेकोरपणे ठेवतो. नोंदवही चाळताना एक गोष्ट सतत दिसत राहिली, की मालाच्या वजनामुळे खर्चात जेवढा फरक पडतो असे आम्ही धरून चाललो होतो, त्याहून मोठा फरक चालवण्याच्या पद्धतीने पडतो. त्यामागचे कारण समजून घेण्यासाठी मी पदार्थविज्ञानाच्या शालेय सूत्रांपासून सुरुवात केली.

सपाट रस्त्यावर एका वेगाने धावणाऱ्या गाडीला मुख्यतः दोन विरोध सोसावे लागतात. पहिला टायरचा: टायर रस्त्यावर दबतो, पुन्हा फुगतो, आणि त्यात काही शक्ती उष्णतेच्या रूपाने वाया जाते. हा विरोध गाडीच्या एकूण वजनाच्या प्रमाणात असतो आणि वेगानुसार तो फारसा बदलत नाही. दुसरा विरोध हवेचा असतो, आणि तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला तर हवेचा विरोध चौपट होतो, आणि त्या विरोधाविरुद्ध गाडी ढकलण्यासाठी इंजिनाला लागणारी अश्वशक्ती आठपट होते. वजनाला हवा विचारत नाही. ती फक्त समोरचे क्षेत्रफळ, आकार आणि वेग यांनाच उत्तर देते.

आता आकडे घालून पाहू. माल धरून ३००० किलो वजनाची पिकअप घेऊ. चांगल्या डांबरी रस्त्यावर, टायरमध्ये योग्य हवा असताना, टायरचा विरोध वजनाच्या सुमारे एक टक्का धरता येतो, म्हणजे साधारण ३०० न्यूटन. केबिनपेक्षा उंच रचलेले कॅरेट आणि त्यावर ताडपत्री अशी गाडी समोरून सुमारे साडेतीन चौरस मीटर भरते, आणि तिच्या चौकोनी आकाराचा विरोध-गुणांक, म्हणजे आकार हवेला किती अडतो याचे माप, ०.६ च्या आसपास धरणे योग्य ठरेल. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर असल्याने येथील हवा थोडी विरळ आहे. एका घनमीटरचे वजन १.१ किलो धरू. या गृहीतांवर ताशी ६० किलोमीटर वेगाने हवेचा विरोध सुमारे ३२० न्यूटन येतो, ८० च्या वेगाने ५७० आणि १०० च्या वेगाने ८९०. टायरचे ३०० त्यात मिळवले, की एकूण विरोध अनुक्रमे ६२०, ८७० आणि ११९० न्यूटन होतो.

या तीन आकड्यांकडे नीट पाहावे, कारण पुढचा सगळा हिशेब त्यांवर उभा आहे. साठच्या वेगाला हवा आणि टायर यांचा वाटा जवळपास सारखा आहे. ऐंशीला हवा टायरच्या जवळजवळ दुप्पट घेते, तर शंभरला तिप्पट. तेराशे किलो माल लादल्याचा जो भार टायरवर येतो, त्यापेक्षा ६० वरून ८० वर जाताना वाढलेला हवेचा भार अधिक आहे. अश्वशक्तीत सांगायचे तर चाकांपाशी साठला सुमारे १४, ऐंशीला २६ आणि शंभरला ४४ अश्वशक्ती लागते. ज्या पिकअपचे इंजिन ७० ते ७५ अश्वशक्तीचे आहे, तिला शंभरचा वेग राखताना ॲक्सिलरेटर जवळजवळ तळापर्यंत दाबून ठेवावा लागतो, तो यामुळेच.

एक लिटर डिझेलमध्ये सुमारे ३६ मेगाज्यूल ऊर्जा असते. इंजिन, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल यांतून जाऊन त्यातील ३० टक्के चाकांपर्यंत पोहोचली असे धरले, तर १०० किलोमीटरला साठच्या वेगाने ५.७ लिटर, ऐंशीने ८.१ लिटर आणि शंभरने ११ लिटर डिझेल लागेल. प्रत्यक्षात साठचा आकडा एवढा चांगला मिळत नाही, कारण कमी भारावर चालणारे इंजिन आपल्या स्वतःच्या घर्षणावर, पाण्याच्या पंपावर, पंख्यावर आणि अल्टरनेटरवर तुलनेने जास्त खर्च करते, आणि म्हणून तेथे ३० टक्क्यांचा हिशेब थोडा खाली येतो. ते ध्यानात घेऊन साठ आणि ऐंशी यांतला फरक मी दीड ते दोन लिटर धरतो. ऐंशी आणि शंभर यांतील तीन लिटरांचा फरक मात्र कमी होण्याचे काही कारण नाही.

हाच मुद्दा उलट्या बाजूनेही लागू पडतो. वेग जितका कमी तितके डिझेल कमी, असे अखंड चालत नाही. नुसते चालू ठेवलेले अडीच लिटरचे डिझेल इंजिन तासाला अर्ध्या लिटरहून अधिक इंधन घेते, आणि तो खर्च ताशी तीस किलोमीटर वेगाने चालताना प्रत्येक किलोमीटरवर साठच्या तुलनेत दुप्पट पडतो. शिवाय तीस-पस्तीसला टॉप गिअर टिकत नाही. इंजिन धक्के देऊ लागते, गिअर उतरवावा लागतो, आणि खर्च पुन्हा वाढतो. भरलेल्या पिकअपसाठी सगळ्यांत कमी खर्चाचा पट्टा टॉप गिअरमध्ये पन्नास ते पासष्टच्या दरम्यान असतो, असे हिशेब आणि नोंदवही दोन्ही सांगतात. पासष्टनंतर खर्चाची रेषा वर चढू लागते आणि पंचाहत्तरनंतर तिचा चढ स्पष्ट जाणवतो.

आता वेळेचा हिशेब. शंभर किलोमीटर अंतर साठच्या वेगाने १०० मिनिटांत, ऐंशीने ७५ मिनिटांत आणि शंभरने ६० मिनिटांत पार पडते. म्हणजे पहिल्या वीस किलोमीटरच्या वाढीने २५ मिनिटे वाचतात, पुढच्या वीसने फक्त १५, आणि त्याच्याही पुढच्या वीसने १०. वेग वाढवण्याचा खर्च दर टप्प्याला वाढत जातो आणि वाचणारी मिनिटे दर टप्प्याला कमी होत जातात. डिझेलचा भाव ९० रुपयांच्या आसपास धरला, तर पहिल्या टप्प्यात वाचवलेले प्रत्येक मिनिट आपल्याला साडेपाच ते सात रुपयांना पडते आणि दुसऱ्या टप्प्यातील प्रत्येक मिनिट १८ रुपयांना. गाडी जोरात हाणण्याचा निर्णय घेताना हा दर डोळ्यांपुढे असावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे. तासाला हजार रुपयांहून अधिक दराने वेळ विकत घेणे एखाद्या फेरीत रास्त असूही शकेल; लिलाव हुकणार असेल किंवा माल तापून नरम पडणार असेल, तर तो खर्च करावाच. परंतु रोजच्या फेरीला तो सवय म्हणून करणे परवडणारे नाही.

त्यातही ही विकत घेतलेली मिनिटे हाती राहतात का, हा वेगळा प्रश्न आहे. नाशिक-मुंबई रस्त्यावर घोटीचा टोलनाका आहे, कसारा घाटात अवजड वाहनांच्या मागे रांगेत उतरावे लागते, शहापूर-पडघ्याच्या पट्ट्यात काम किंवा कोंडी असते, आणि भिवंडी वळणापासून पुढे ठाण्यापर्यंत कोणाचा काटा कुठे आहे याला महत्त्वच उरत नाही. इगतपुरीपर्यंत आपल्याला ओलांडून गेलेली पिकअप पडघ्याच्या टोलनाक्यावर आपल्या पुढे चार गाड्या सोडून उभी असलेली अनेकांनी पाहिली असेल. तिने जाळलेले डिझेल मात्र परत येत नाही. ज्या रस्त्याचा शेवट कोंडीत होतो, तेथे मधल्या मोकळ्या भागात मिळवलेली मिनिटे बहुतेक वेळा त्या कोंडीच्या स्वाधीन होतात. त्यापेक्षा घरून अर्धा तास लवकर निघणे फार स्वस्त पडते, कारण पहाटे तीनऐवजी अडीचला निघाल्याने डिझेलचा एक थेंबही जास्त लागत नाही.

रिकाम्या गाडीविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण याबाबत सर्वांत घट्ट गैरसमज आहे. "रिकामी गाडी काय खाते, दादा?" असे म्हणून परतीच्या वाटेवर पिकअप नव्वदने पळवणारे चालक पुष्कळ आहेत. रिकाम्या गाडीचे वजन १७०० किलो धरू. टायरचा विरोध १७० न्यूटनवर येतो. कॅरेट खाली उतरल्याने समोरचे क्षेत्रफळही कमी होते, म्हणून हवेचा विरोधही भरलेल्या गाडीच्या सुमारे सत्तर टक्के धरू. तरीही ८५ च्या वेगाने या रिकाम्या गाडीचा एकूण विरोध सुमारे ६२० न्यूटन होतो, म्हणजे भरलेल्या गाडीला साठच्या वेगाने जेवढा सोसावा लागतो तेवढाच. तेराशे किलो माल बाजारात उतरवून जे हलकेपण कमावले, ते सगळे वेगाच्या पंचवीस किलोमीटरांनी खाऊन टाकले. रिकामी गाडी हलकी लागते, चढावर ओढते, ॲक्सिलरेटरला चटकन प्रतिसाद देते, आणि त्यामुळे ती कमी खात असेल असे वाटते. परंतु परतीची फेरी हीच बचतीची खरी जागा आहे, कारण तेव्हा बाजाराची घाई नसते आणि बचत पूर्णपणे आपल्या पायात असते.

परतीला घाटाचा चढ असतो, हे खरे. वाशीहून नाशिकला येताना गाडी जवळपास समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर वर चढते. १७०० किलो वजन तेवढे उचलायला लागणारी ऊर्जा साधारण एक लिटर डिझेलइतकी होते. हा कर कसाऱ्याच्या जुन्या घाटाने या किंवा समृद्धी महामार्गावरील इगतपुरीच्या सुमारे आठ किलोमीटरच्या बोगद्यातून या, द्यावाच लागतो, कारण उंची तीच आहे. जाताना भरलेली गाडी तेवढीच उतरते, म्हणून जातानाचे ॲव्हरेज दिसायला सुंदर येते आणि येतानाचे खराब. एका बाजूचा आकडा घेऊन गाडीची स्तुती किंवा निंदा करू नये. दोन्ही बाजू मिळूनच हिशेब धरावा.

उतारावर गाडी न्यूट्रल करण्याची सवय या हिशेबात कोठेही बसत नाही, आणि तिच्याविषयी मी कठोरपणे लिहितो. आजच्या कॉमन रेल, म्हणजे संगणकाच्या नियंत्रणाने डिझेल सोडणाऱ्या, इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, की इंजेक्टरचे डिझेल बंद होते आणि चाकेच इंजिन फिरवतात. न्यूट्रल केले, तर इंजिन बंद पडू नये म्हणून डिझेल पुन्हा सुरू होते. म्हणजे न्यूट्रलमध्ये डिझेल वाचत नाही, उलट लागते. आणि तीन टनांची गाडी कसाऱ्याच्या वळणांवर केवळ ब्रेकच्या जोरावर धरली, तर ब्रेक तापून निकामी होण्याचा धोका असतो. ज्या गिअरने चढायचे त्याच गिअरने उतरायचे, ही जुन्या ट्रकचालकांची शिकवण आजच्या इंजिनांना अधिकच लागू पडते.

हवेचा विरोध रस्त्यावरच्या वेगावर ठरत नाही, तर गाडी आणि हवा यांच्यातील सापेक्ष वेगावर ठरतो. पावसाळ्यात जून ते सप्टेंबर आपल्याकडे वारा पश्चिमेकडून येतो, आणि मुंबईकडे जाणारी भरलेली गाडी तो छातीवर घेते. ताशी वीस किलोमीटरचा समोरचा वारा असेल, तर साठने चाललेल्या गाडीला हवा ऐंशीची लागते. येताना तोच वारा पाठीशी असतो, परंतु जाताना घेतलेले तो पूर्ण परत देत नाही, कारण एक तर वर्गाच्या नियमाने वाढ ही घटीपेक्षा मोठी असते, आणि दुसरे म्हणजे परतताना हौदा मोकळा असल्याने वाऱ्याला ढकलायला जागाही कमी असते. भर पावसात ओल्या रस्त्यावरचे पाणी टायरने बाजूला सारण्याचा खर्च त्यात आणखी मिळतो. अशा दिवसांत पाच-सात किलोमीटरने वेग उतरवला, तर ॲव्हरेज पुष्कळ सावरते.

थंडीचाही असाच परिणाम आहे, फक्त तो डोळ्यांना दिसत नाही. निफाडला राज्यातील सर्वांत कमी तापमान नोंदवले गेल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात. पाच अंश तापमानाची हवा पस्तीस अंशांच्या हवेपेक्षा सुमारे अकरा टक्के घट्ट असते, आणि तेवढाच तिचा विरोधही जास्त असतो. त्याचप्रमाणे घाट उतरून भिवंडीला पोहोचल्यावर हवा नाशिकपेक्षा सहा-सात टक्के जड झालेली असते. द्राक्षांच्या मोसमात पहाटे निघालेल्या गाडीचे ॲव्हरेज मे महिन्यातल्या दुपारच्या गाडीशी जुळले नाही, तर लगेच इंजिनात बिघाड शोधू नये.

वेगाच्या खालोखाल हाती असलेली गोष्ट म्हणजे मालाची रचना. टोमॅटोचे कॅरेट साधारण तीस सेंटिमीटर उंच असते. केबिनच्या वर गेलेला एक थर उतरवला, तर समोरचे क्षेत्रफळ सुमारे अर्ध्या चौरस मीटरने, म्हणजे जवळपास एक सप्तमांशाने घटते, आणि ऐंशीच्या वेगाला एकूण विरोध नऊ टक्क्यांच्या आसपास खाली येतो. साठला हाच लाभ सात टक्के असतो. भाडे कॅरेटवर ठरत असताना थर कमी करणे प्रत्येक वेळी शक्य नसते, हे मी जाणतो. म्हणून ज्या दिवशी उंच रचना अटळ आहे, त्या दिवशी वेग आणखी थोडा उतरवावा. ताडपत्री ताणून, कडा आत दुमडून, दोरी जवळजवळ मारून बांधावी. फडफडणारी ताडपत्री हवेचे प्रवाह सतत तोडत राहते, आणि तिचा आवाज म्हणजे जळणाऱ्या डिझेलचा आवाज आहे असे खुशाल समजावे. केबिनवरचे रिकामे कॅरिअर, जे वर्षातून क्वचित वापरले जाते, काढून ठेवलेले बरे.

मागचा फाळका उघडा ठेवून रिकामी गाडी चालवल्यास हवा आरपार निघून जाते आणि डिझेल वाचते, अशीही एक समजूत आहे. वाऱ्याच्या बोगद्यातील (विंड टनेल) चाचण्यांनी ती खोडून काढली आहे. फाळका बंद असताना केबिनमागे हौद्यात हवेचा एक भोवरा अडकून राहतो आणि वरची हवा त्याच्यावरून घसरत मागे जाते. फाळका उघडला की तो भोवरा मोडतो, आणि विरोध घटण्याऐवजी बहुधा वाढतो. शिवाय उघडा फाळका मागच्या दुचाकीस्वाराच्या जिवावर बेतू शकतो.

पाय स्थिर ठेवणे हा वेगाइतकाच मोठा विषय आहे. ऐंशीने धावणाऱ्या तीन टनांच्या गाडीला पूर्ण थांबवले, तर सुमारे सत्तर मिलिलिटर डिझेलची ऊर्जा ब्रेकमध्ये जाते. साठवरून थांबवले, तर चाळीस मिलिलिटरची. शिंदेगाव, सिन्नर, संगमनेर असा पुण्याकडचा रस्ता धरला किंवा पिंपळगाव, चांदवड असा धुळ्याकडचा, थांबण्या-निघण्याचे प्रसंग येतच राहतात. पुढचा अडथळा दूरवरून हेरून ॲक्सिलरेटर आधीच सोडणारा चालक दर वेळी या चाळीस-सत्तर मिलिलिटरांतील मोठा वाटा वाचवतो. ट्रकच्या मागे अगदी जवळ राहून त्याच्या आडोशाचा फायदा घेण्याचा सल्ला काहीजण देतात. आडोशाचा लाभ खरा आहे, परंतु तो मिळण्याएवढे जवळ गेल्यास ब्रेक लावायला जागा उरत नाही, म्हणून तो सल्ला मी कोणालाही देणार नाही.

वेगाच्या कायद्याचीही येथे नोंद करतो. केंद्र सरकारच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार मालवाहू गाड्यांना द्रुतगती मार्गावर आणि दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर कमाल ८० आणि इतर रस्त्यांवर ६० ची मर्यादा आहे, आणि मालवाहतुकीच्या गाड्यांना ८० वर रोखणारा वेगनियंत्रकही बंधनकारक आहे. ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाल्यापासून आपल्या भागातील पिकअपवाल्यांना तो मोकळा, सरळ, सिग्नल नसलेला रस्ता मिळाला आहे. तेथे मोटारींना १२० ची मुभा असल्याने शेजारून त्या सुसाट निघून जातात आणि ऐंशीची पिकअपही संथ वाटू लागते. वेगनियंत्रकाची वायर काढून टाकणारे महाभाग आहेत. ते दंड आणि टायर फुटण्याचा धोका पत्करतात, आणि वर मिनिटाला १८ रुपये मोजतात. डाव्या मार्गिकेतून पासष्ट-सत्तरने, मागचे दिवे आणि परावर्तक पट्ट्या स्वच्छ ठेवून चालणे तेथे त्या मानाने सुरक्षित आहे.

वेग आणि इंधन यांचा हा संबंध इतर देशांनी कायद्यात उतरवून पाहिला आहे. १९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकेने जानेवारी १९७४ मध्ये संपूर्ण देशात ताशी ५५ मैलांची, म्हणजे सुमारे ८९ किलोमीटरची मर्यादा इंधन वाचवण्यासाठी आणली. ती १९९५ मध्ये पूर्णपणे उठवली गेली. तेथील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, ७४ गाड्यांच्या अभ्यासात ताशी ५० मैलांवरून ६० वर गेल्यास ॲव्हरेज सरासरी १२ टक्क्यांहून अधिक, ६० वरून ७० वर १४ टक्के आणि ७० वरून ८० वर १५ टक्क्यांहून अधिक घसरते, असे दिसले. आपल्याकडे पेट्रोलियम कॉन्झर्वेशन रिसर्च असोसिएशन मोटारचालकांना ४५ ते ५५ चा वेग राखण्यास सांगते, आणि ८० च्या तुलनेत त्याने ४० टक्क्यांपर्यंत अधिक ॲव्हरेज मिळू शकते असे तिचे म्हणणे आहे. उंच चौकोनी पिकअपला हवा मोटारीपेक्षा जास्त अडवते, त्यामुळे हा सल्ला मोटारवाल्यांपेक्षा पिकअपवाल्यांच्या अधिक कामाचा आहे.

ज्यांना स्वतःच्या गाडीवर हे तपासायचे असेल त्यांनी टाकी पूर्ण भरून, संपूर्ण जाण्या-येण्याच्या फेरीनंतर त्याच पंपावर, नोझल आपोआप बंद होईपर्यंत पुन्हा भरावी आणि लागलेल्या लिटरने किलोमीटरला भागावे. अर्ध्या टाकीवरून किंवा डॅशबोर्डावरील काट्यावरून काढलेले ॲव्हरेज ग्राह्य धरू नये. स्पीडोमीटरचा काटा खऱ्या वेगापेक्षा थोडा जास्त दाखवतो, तेव्हा मोबाइलवरील जीपीएसचा वेग एकदा पडताळून पाहावा. टायरची हवा गाडी थंड असताना, भरलेल्या गाडीसाठी कंपनीने सांगितलेल्या दाबाएवढी असावी. मागच्या टायरमध्ये ती कमी असेल, तर वेगाची सगळी बचत तेथेच जिरते. एका फेरीवरून निष्कर्ष काढू नये, आणि पावसाळ्यातली फेरी उन्हाळ्यातल्या फेरीशी ताडून पाहू नये.

एवढे सगळे कळूनही बहुतेक पिकअप जोरात का धावतात, याचे कारण माझ्या मते अज्ञानापेक्षा व्यवहारात आहे. ॲक्सिलरेटर चालकाच्या पायाखाली असतो आणि डिझेलचे बिल मालकाच्या खिशात. चालकाला "कुठं पोहोचलात?" असे फोन दर अर्ध्या तासाने येतात, लवकर पोहोचल्याची शाबासकी मिळते, आणि कमी डिझेल लागले तर त्याचा त्याला काहीच लाभ नसतो. अशा स्थितीत त्याने साठने का चालवावे? आमच्याकडे आम्ही भरलेल्या फेरीला लागणाऱ्या डिझेलचा एक आकडा चालकाशी बसून, त्याच्या संमतीने ठरवला आहे. त्यापेक्षा जेवढे कमी लागेल, त्याची निम्मी रक्कम परतीच्या दिवशीच त्याच्या भत्त्यात मिळवली जाते, आणि रस्त्यात असताना घरून त्याला फोन करायचा नाही असा नियम आम्ही स्वतःवर घालून घेतला आहे. निघण्याची वेळ अर्ध्या तासाने अलीकडे आणली आहे. पावसाळा लागला की ठरलेला आकडा आम्ही थोडा वाढवून देतो, कारण समोरच्या वाऱ्याने लागणारे जादा डिझेल चालकाच्या वाट्यातून कापणे न्याय्य होणार नाही.